निळं बटण

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं श्रीनिवासराव सोळा वर्षं स्वतःला सांगत आले होते. कोणाच्या घरी सांत्वनाला जायचं राहून जावं, आणि मग इतके दिवस उलटावेत की जायचीच लाज वाटावी, तसं. खरं तर ते राहिलं नव्हतं, त्यांनी ठेवलं होतं. निळं आंतर्देशीय पत्र, आर्वीचा शिक्का, मोठं अक्षर आणि उजवीकडे खाली उतरत गेलेल्या ओळी. त्यांनी ते एकदाच वाचलं आणि बॉक्सिंगच्या जुन्या नियमपुस्तकात घालून पुस्तक कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर सारलं. नियम बदलले होते, ते पुस्तक आता कोणी मागणार नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कोणतं पुस्तक कोणी उघडत नाही, एवढं तरी नक्की कळतं.

आणि दिवाळीनंतरच्या त्या रविवारी, पोह्यांची बशी हातात असताना, आमोदने नेमकं तेच मागितलं.

"बाबा, सुदर्शनचं ते पत्र कुठे आहे?"

"कुठलं?"

"कुठलं काय? तो फायनल हरला, त्यानंतर आलेलं. पोस्टमनकडून मीच घेतलं होतं. तुम्ही वाचलंत आणि आत जाऊन पडलात. रात्री जेवलासुद्धा नाहीत. धमकीच असणार त्यात. ते हरकतीला जोडायचं."

श्रीनिवासरावांनी पोह्यांतला एक शेंगदाणा बाजूला केला. मग दुसरा केला.

आदल्या दिवशी दुपारी जिल्हा निवड स्पर्धेत त्यांची नात तनया हरली होती. पाच जजपैकी दोघांनी तिला दिलं, तिघांनी लोणी काळभोरच्या उत्कर्षाला. उत्कर्षा आता राज्य स्पर्धेला जाणार होती. आणि त्या तिघांतला एक जज होता सुदर्शन. नागोराव वॉचमनचा मुलगा, मूळ वर्ध्याकडच्या आर्वीचा, बाराव्या वर्षी आप्पांच्या तालमीच्या हॉलमध्ये आलेला आणि आता कात्रजच्या एका शाळेत खेळ शिकवणारा. निकालावर लेखी हरकत घ्यायची तर ती सोमवारी दुपारी बाराच्या आत संघटनेच्या कचेरीत पोचायला हवी होती. म्हणून शनिवार पेठेतल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सगळे जमले होते.

"धमकी?" आप्पा म्हणाले. "सुदर्शन? तो मांजर आडवं गेलं तर मांजराची माफी मागतो."

सगळे हसले. तनयासुद्धा हसली, डाव्या डोळ्याखाली सुजलेलं असूनही. आप्पा, म्हणजे रंगराव, श्रीनिवासरावांचे भाऊ, चार वर्षांनी धाकटे. पण खिडकीजवळची वेताची खुर्ची त्यांची होती, पोह्यांवरचं जास्तीचं खोबरं त्यांचं होतं आणि हशाही त्यांचाच होता. ते कधी मागत नसत. हेच श्रीनिवासरावांना लहानपणापासून सहन होत नसे. मागून मिळवणाऱ्याचा हेवा करून माणूस मोकळा तरी होतो. न मागता ज्याच्या ताटात पडतं, त्याचं काय करायचं?

"आप्पा, तुम्ही त्याला पाठीशी घालू नका," आमोद म्हणाला. "सोळा वर्षांपूर्वी बाबा जज होते. हा एका गुणाने हरला. तो राग याने काल माझ्या पोरीवर काढला. दोघांनी तिला दिलं, दोघांनी त्या मुलीला. म्हणजे निकाल कोणी फिरवला? याने!"

"तिघांनी दिलं, त्यातला कुठलाही पाचवा म्हणता येईल," आप्पा म्हणाले. "पण तू म्हणतोस ते मी नाही म्हणत नाही. काल मलाही खटकलं. तो पाडव्याला फराळाला आला होता माझ्याकडे. तनयाला म्हणाला, शनिवारी मी जजच्या टेबलावर असलो तर माझ्याकडे बघू नकोस, ओळख दाखवू नकोस. तेव्हा कौतुक वाटलं. आता वाटतं, आधीच तयारी करून आला होता की काय."

पाडव्याला आला होता. दर पाडव्याला येतो. श्रीनिवासरावांना ते माहीत होतं. या दारावरून जाऊन आप्पांच्या दारात.

"मला विचारलं का कोणी?" तनया म्हणाली. "बाउट मी खेळले ना?"

"तू गप्प बस, बर्फ लाव," सुहासिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "अहो, आणि तुम्ही ते शेंगदाणे खाणार आहात की मोजणार आहात?"

आमोदने लॅपटॉप उघडला. "बाबा लिहितील. त्यांच्यासारखा मजकूर कोणाला जमणार नाही. नियम क्रमांकासकट. कोच म्हणून आप्पा सही करतील."

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "माझी अट आहे. आधी दादाने व्हिडिओ बघायचा. आवाज बंद करून, कागद घेऊन, जज म्हणून. दादा म्हणाला पोरगी जिंकली, तर मी डोळे मिटून सही करतो. माझी नजर कोचची आहे, मला आमचेच ठोसे दिसतात. दादाची तशी नाही."

श्रीनिवासरावांचे कान तापले. आयुष्यात त्यांनी एक ठोसा दिला नव्हता की खाल्ला नव्हता. रंगा राज्य विजेता झाला, वडिलांनी, अण्णांनी, त्याची पदकं देवघराशेजारी टांगली, आणि हे कोपऱ्यात बसून त्याच्या खेळाचं नियमपुस्तक वाचत राहिले. कोणीच वाचत नव्हतं म्हणून वाचलं. जजच्या परीक्षेत पहिले आले. मग रिंगच्या कडेच्या त्या छोट्या टेबलावर बसलं की रंगालाही निकालासाठी त्यांच्याकडे बघावं लागे. तेवढंच एक ठिकाण होतं.

"बघतो," ते म्हणाले.

आमोद त्यांच्या शेजारी येऊन बसला, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. असा तो कधी बसला होता, हे श्रीनिवासरावांना आठवेना. चौदाव्या वर्षी तो आप्पांच्या हॉलमध्ये जायला लागला तेव्हापासून घरात 'आप्पा म्हणतात' एवढंच ऐकू येई. मग सुदर्शन आला. दोन वर्षांत आप्पांच्या तोंडी सुदर्शनचं नाव बसलं आणि आमोदने ग्लोव्हज माळ्यावर टाकले. तो बापाकडे काही परत आला नाही. त्याला फक्त जायला जागा उरली नाही.

पहिली फेरी. आता नियम सोपा होता. फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ. तनया चपळ होती, डावा हात सतत पुढे. त्यांनी कागदावर तनयापुढे दहा लिहिले. आमोदचा खांदा सैल पडला. दुसऱ्या फेरीत उत्कर्षाने अंतर तोडलं, पोटावर मारलं. उत्कर्षाला दहा. यावर कोणाचाच वाद नव्हता. सगळं तिसऱ्या फेरीवर होतं.

तिसरी फेरी त्यांनी दोनदा बघितली. तनया सुंदर फिरत होती, प्रेक्षक तिच्यासाठीच ओरडत असणार. पण आवाज बंद होता. आवाज बंद केला की लोकांचं प्रेम दिसत नाही, फक्त कोणाची मूठ कुठे लागली एवढं दिसतं. तनयाचे ठोसे हातमोज्यांवर पडत होते. उत्कर्षाचे कमी होते, पण तोंडावर बसत होते. एक. आणखी एक. शेवटच्या वीस सेकंदांत आणखी दोन.

पेन्सिल कागदावर टेकवून ते थांबले. एक आकडा लिहायचा होता. तनयाच्या नावापुढे दहा लिहिले की आप्पांची सही, आमोदचा खांदा, नातीचा जल्लोष, सगळं या खुर्चीकडे वळणार होतं. आणि सुदर्शनचं नाव जजच्या यादीतून जाणार होतं. पुढच्या महिन्यात त्याची वरच्या श्रेणीची परीक्षा होती. हरकत लागली की तीही गेली.

"लिहा ना बाबा."

"तिसरी उत्कर्षाची," श्रीनिवासराव म्हणाले. "एकोणतीस-अठ्ठावीस. सुदर्शनने बरोबर दिलं."

आमोद उठून उभा राहिला. "वाटलंच होतं! तुम्ही आयुष्यात कधी आपल्या माणसाच्या बाजूने उभे राहिलात का हो? शाळेत मला मार बसला तेव्हाही तुम्ही म्हणालात, मास्तरांची काय बाजू आहे ते बघू."

"आमोद," सुहासिनीबाई दारात आल्या.

"आई, तू थांब. तो आला आणि माझी जागा घेऊन बसला. आप्पांच्या घरी जेवायला तो, आप्पांच्या स्कूटरवर मागे तो. मी आप्पांचा पुतण्या, मी बसने यायचो! आणि आज माझ्या मुलीचीही जागा त्याने घेतली. तरी तोच बरोबर."

"तुला कोणी बसने ये म्हणालं नव्हतं," आप्पा म्हणाले. "त्याच्याकडे बसचा पास नव्हता, म्हणून तो स्कूटरवर. तू विचारलं असतंस तर—"

"मी विचारायचं?"

तनयाने बर्फाची पिशवी टीपॉयवर आपटली. "बाबा, एक मिनिट. तिसऱ्या राउंडमध्ये मी पळत होते, ओके? माझा दम संपला होता. आणि मला ती मुलगी अजिबात आवडत नाही, सिरियसली. तिचा जॅब माझ्यापेक्षा भारी आहे आणि तिला ते माहितीये. हॅंडशेक करताना हसली ना, वाटलं आणखी एक मारावी. पण हरकत वगैरे नको. नंतर ती समोर आली की मी काय सांगू? माझ्या आजोबांनी अर्ज केला म्हणून मी जिंकले?"

"तुला कळत नाही," आमोद म्हणाला. "हा माणूस डूख धरून बसलाय. बाबा, तुमचं मत तुमच्याजवळ. ते पत्र द्या. पत्रच बोलेल."

आप्पा वळले. "खरंच दादा, काय होतं त्या पत्रात? मला तो कधी बोलला नाही."

सगळे त्यांच्याकडे बघत होते. पत्र हरवलं म्हणता आलं असतं. ग्रंथपालाने पुस्तक गहाळ म्हटलं की सहसा कोणी पुढे विचारत नाही. पण मग आमोद पत्राशिवायच लिहिणार होता, आणि त्यात डूख हा शब्द असणार होता. श्रीनिवासराव उठले, स्टूल ओढलं, वरच्या फळीवरून पुस्तक काढलं. आंतर्देशीय घड्यांवर फाटायला आलं होतं.

"सुहास, तू वाच. माझा चष्मा..." चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

सुहासिनीबाईंनी पत्र घेतलं आणि त्या वाचू लागल्या.

"आदरणीय काकाजी, साष्टांग नमस्कार. मी घरी सुखरूप पोचलो. आप्पा माझ्याशी बोलले नाही, ते रागावले असतीन. दुसऱ्या राउंडात माझे तीन राइट त्याच्या तोंडावर बसले असं मला वाटलं, पण गुण आले नाही. बाकीच्या जजांना मी ओळखत नाही, तुम्ही होते म्हणून विचारतो. तुमच्याइतके नियम कोणालेच माहीत नाही असं आप्पा नेहमी सांगतात. माझ्या ठोशात काय चुकत होतं ते लिहून कळवाल का? मुठीचा पुढचा भाग लागत नसन तर मी सुधरवून घेईन. तुमच्यावर शंका नाही. आमोददादाला नमस्कार सांगा. त्यानं दिलेला मफलर माझ्याजवळच राहिला, येताना आणतो. आपला, सुदर्शन."

खाली रस्त्यावर कोणी तरी स्कूटरला किका मारत होतं. तीन-चार किकांनी ती सुरू झाली आणि निघून गेली.

"मफलर मीच दिला होता," आमोद कोणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाला. "थंडी होती त्या दिवशी."

"मग यात जेवण सोडण्यासारखं काय होतं?" आप्पांनी विचारलं. "साधं विचारलं होतं पोराने. तू उत्तर काय दिलंस?"

"दिलं नाही."

"का?"

श्रीनिवासराव उभेच होते. बसावं की नाही हे त्यांना ठरवता येईना.

"तेव्हा यंत्र होतं, रंगा, तुला आठवत असेल. प्रत्येक जजपुढे डबा, त्यावर लाल आणि निळं बटण. ठोसा बसला की बटण दाबायचं. पाचांतल्या तिघांनी एका सेकंदाच्या आत दाबलं तरच गुण. सुदर्शन निळ्या कोपऱ्यात होता. ते तिन्ही ठोसे बसले होते. माझ्यासमोर बसले. मूठ बंद, पुढचा भाग, नियमात लिहिल्याबरहुकूम."

"आणि तू दाबलं नाहीस?"

"दाबलं. सेकंद जाऊ दिला आणि मग दाबलं. तिन्ही वेळा. स्पर्धेनंतर प्रत्येक जजच्या आकड्यांचा कागद निघायचा. माझे आकडे इतरांसारखेच आले. कोणालाही काही दिसलं नसतं. बाकीच्यांनी वेळेत दाबलं होतं की नाही, माझ्यामुळे तो हरला की तसाही हरला असता, ते मला आजही ठाऊक नाही. माझं मला ठाऊक आहे."

श्रीनिवासरावांची नजर आमोदवर गेली, आणि तिथे जे दिसलं त्याने ते आणखीच खचले. मुलाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अगदी क्षणभर, पण तिथे आनंद होता. चौदा वर्षांच्या मुलाचा.

"बाबा," आमोद हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही ते माझ्यासाठी..."

हो म्हणायला काय हरकत होती? एवढंसं हो. इतक्या वर्षांत मुलगा पहिल्यांदा असा बघत होता.

"नाही रे," श्रीनिवासराव म्हणाले. "तसं असतं तर बरं झालं असतं. तू माझ्या मनातही नव्हतास. दुसरी फेरी सुरू होताना रंगाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आपले अण्णा रंगाच्या डोक्यावरून फिरवायचे तसा. तेवढंच मी बघितलं. म्हटलं, रंगाला पुन्हा एक पोरगा मिळाला. सगळं यालाच मिळतं."

आप्पा खुर्चीतून उठले. पंच्याहत्तरीला टेकलेला तो माणूस उठताना कधी हाताचा आधार घेत नसे. आज त्यांनी घेतला.

"परत आला तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, तुझी मूठ उघडी राहते, म्हणून गुण गेले," ते म्हणाले. "सहा महिने त्याला मूठ आवळायला लावली. रोज शंभर वेळा, भिंतीपुढे. बोटं सुजायची त्याची. एका शब्दाने म्हणाला नाही की आप्पा, मूठ बंदच होती. दादा, ती बंदच होती ना?"

"बंदच होती."

"मी ती नंतर बिघडवली. आवळून आवळून त्याचा हात जड झाला. तो पुन्हा कधी फायनलला गेला नाही." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "मला मारायचं होतं तर मला मारायचंस. मी समोरच होतो, आयुष्यभर."

"आप्पा, उसळ तयार आहे, जेवून तरी..." सुहासिनीबाई म्हणाल्या.

"नको वहिनी. आज नको."

जिन्यात त्यांच्यामागे तनया धावत गेली. "आप्पा, थांबा, मी येते." आजोबांकडे तिने वळून बघितलं नाही. आमोदने लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, आणि दारापर्यंत जाऊन म्हणाला, "हरकत नाही घेत. पण तुम्ही निदान खोटं तरी बोलायचं होतंत, बाबा." मग तोही गेला.

सुहासिनीबाईंनी दोनच ताटं वाढली. निम्मं जेवण झालं.

"मला सांगायचं होतंत," शेवटी त्या म्हणाल्या.

"तू काय म्हणाली असतीस?"

"उत्तर लिहा म्हणाले असते. आणखी काय म्हणणार? पत्र आलं की उत्तर लिहितात." त्यांनी त्यांच्या पानात उसळ वाढली. "आणि आता तरी चांगली तीन-तीन पानं लिहू नका. तुम्ही लांब लिहायला लागलात की स्वतःला सोडवून घेता."

त्यांचं बरोबर होतं. दुपारी बसून पहिला मसुदा झाला तो अडीच पानांचा. त्यात वडील होते, देवघराशेजारची पदकं होती, आमोदचे माळ्यावरचे ग्लोव्हज होते, आणि वाचून झाल्यावर श्रीनिवासरावांना स्वतःचीच दया आली. तो त्यांनी फाडला. दुसऱ्यात कालच्या बाउटचं कौतुक होतं, 'तुझी नजर पाहून समाधान वाटलं' असं काहीतरी. वडीलधाऱ्याने पाठ थोपटल्यासारखं. तोही फाडला. तिसरा हा:

'चि. सुदर्शन, तुझ्या पत्राला सोळा वर्षांनी उत्तर लिहितो आहे. तुझ्या ठोशांत काही चुकलं नव्हतं. तिन्ही नीट बसले होते. मी बटण मुद्दाम उशिरा दाबलं. कारण तुझ्याशी संबंधित नव्हतं, माझ्या मनात रंगाविषयी मत्सर होता. तुझी मूठ कधीच उघडी नव्हती. आप्पांना हे आजच कळलं, त्यांना दोष देऊ नकोस. हे पत्र तू संघटनेला दाखवायचं ठरवलंस तर खाली माझी सही आहे. काल तू दिलेला निकाल बरोबर होता. आमच्या घरातून हरकत येणार नाही. श्रीनिवास.'

सोमवारी साडेदहाला ते पोस्टात रांगेत उभे होते. खिडकीपलीकडच्या बाईंनी पाकीट हातात घेऊन वजन केल्यासारखं हलवलं.

"रजिस्टर करायचंय," श्रीनिवासराव म्हणाले.

"रजिस्टर बंद झालं. स्पीड पोस्ट होईल. कुठे, कात्रज? आजोबा, कात्रजला बस जाते."

"माहीत आहे."

"मग? आत काय आहे?"

"पत्र."

"नुसतं पत्र?"

"नुसतं पत्र."

"फोन नंबर घाला पाठवणाऱ्याचा. आणि लवकर, मागे लोक आहेत."

नंबर लिहिता लिहिता त्यांच्या मनात आलं, हे वाचून सुदर्शन उठेल आणि आधी आप्पांकडे जाईल. दोघं बसतील. आप्पा त्याचा हात हातात घेऊन बोटं बघतील, तो म्हणेल, जाऊ द्या हो आप्पा. तनयाही तिथेच असेल. चहा होईल. आणि त्या खोलीत माझं नाव निघेल ते पाहुण्याच्या चपलेसारखं, दाराबाहेर. हे बोचलं. अजूनही बोचत होतं, तसंच, जुन्या जागी, आणि सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत ते बोचायचं थांबलं नाही तर आता थांबेल अशी आशा त्यांना नव्हती.

पाकिटाचा कोपरा त्यांच्या बोटांत होता. बाईंनी दुसरा कोपरा धरला होता.

"सोडा की," बाई म्हणाल्या.

त्यांनी सोडलं. बाईंनी वर पट्टी चिकटवली आणि मान न वळवता पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.